तेवीस नावांचे हातमोजे

आमच्या हिची पाठ गेली तेव्हा हिला नर्सिंगमध्ये सतरा वर्षं झाली होती. बाथरूमच्या दारात एक आजोबा घसरले आणि हिनं त्यांना वरच्यावर झेललं. आजोबांना साधं खरचटलंही नाही. हिच्या कंबरेतली गादी मात्र सरकली. दोन महिने ही अंथरुणाला खिळून होती. पुढचे दोन महिने आमच्याच हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात, दोन समांतर दांड्यांना धरून एकेक पाऊल टाकत होती. 'आमच्याच' म्हणतो, कारण मीही तिथंच इलेक्ट्रिशियन आहे. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्या हॉलमध्ये जायचो आणि ही किती पावलं चालली ते मोजत बसायचो. ज्या दिवशी ही दांड्या सोडून दारापर्यंत एकटी आली, त्या दिवशी दोघांचा डबा मी एकट्यानंच कधी संपवला ते मला कळलंसुद्धा नाही.

ही बरी झाली, पण वॉर्डात परत जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. एवढं सगळं न करता नर्सनं करायचं तरी काय? मग हॉस्पिटलनं हिला 'हलकं काम' दिलं, खरेदी विभागात. खरेदी विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, तीन टेबलं, पाच लोखंडी कपाटं आणि जनरेटरच्या बाजूला उघडणारी एक खिडकी. ऑर्डरी टाइप करायच्या, बिलाला ऑर्डर जोडायची, फाइल कपाटात ठेवायची. संध्याकाळी ही घरी येऊन म्हणायची, "आज एकोणीस कागदांना टाचण्या मारल्या. एकही कागद ओरडला नाही."

हे हसत हसत म्हणायची. पण पांढरा गणवेश घडी करून कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात गेला होता, आणि तो तिथं ठेवताना हिनं स्टूल मागितलं नव्हतं, मला ठेवायला लावला होता.

माझ्या आईला तर हे जास्तच लागलं. आईनं तीस वर्षं बटणं, अस्तरं आणि लेस विकण्याचं दुकान चालवलेलं. पोटभर बोलायची सवय. "माझी सून नर्स" हे वाक्य तिनं सतरा वर्षं सगळ्या गल्लीला पुरवून पुरवून ऐकवलं होतं. आता कोणी विचारलं तर "ऑफिसात आहे" एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

खरेदी अधिकाऱ्यांना सगळं हॉस्पिटल पाठीमागं 'उद्यासाहेब' म्हणायचं. काहीही मागा, उत्तर एकच, "उद्या बघू." माणूस वाईट नव्हता. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून, एकाही पैशाला शिवला नव्हता. फक्त कुठल्याही नव्या गोष्टीवर सही करायची म्हटलं की त्यांच्या पेनातली शाई वाळायची.

त्या वर्षी नव्या प्रशासक बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, केस आखूड कापलेल्या, सगळीकडे स्वतः चालत जाणाऱ्या. आल्यावर महिन्याभरात त्यांनी विभागप्रमुखांची बैठक घेतली. सांगितलं ते सरळच होतं. खर्च वाढत चालला आहे. हॉस्पिटल चालवणाऱ्या विश्वस्त मंडळानं ठरवलं आहे की वर्षाच्या खरेदीत दहा टक्के बचत दाखवा, नाहीतर फिजिओथेरपी विभाग बंद करू. मंडळातले एक जण म्हणाले होते, "तिथं कोणाचा जीव तर वाचत नाही ना?" तीन महिन्यांची मुदत होती.

ही बातमी हिला मीच सांगितली. मी जिन्यातला दिवा बदलत शिडीवर होतो, ही खालून चालली होती. ही थांबली. कंबरेवर हात ठेवून हिनं वर माझ्याकडे बघितलं.

"जीव वाचत नाही?" ही म्हणाली. "मग मी काय करत होते तिथं दोन महिने?"

इकडे उद्यासाहेबांनी आपल्या पद्धतीनं काम सुरू केलं होतं. सगळ्या पुरवठादारांना एकच पत्र, दहा टक्के सूट द्यावी ही विनंती. पंधरा दिवसांत तीन उत्तरं आली. एकानं दोन टक्के दिले, एकानं दिलगिरी कळवली आणि एकानं भिंतीवरचं कॅलेंडर पाठवलं.

कॅलेंडर आलं त्या दिवशी ही त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी मी एका यादीत उतरवून बघू का? आपण काय काय घेतो, किती घेतो, कोणाकडून घेतो, ते एकदा तरी एकत्र बघू."

साहेब म्हणाले, "उद्या..." आणि मग कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "बघा. पण फायली जागच्या हलवू नका."

यादी अकरा हजार ओळींची निघाली. कॉम्प्युटरनं त्यातल्या सारख्या नावांच्या ओळी एकत्र केल्या, तरी वेगवेगळ्या वस्तूंची संख्या दोन हजार तीनशेच्या वर राहिली. ही कागदांचा गठ्ठा घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसली. आई पलीकडे बसून चष्मा पुसत होती.

"अहो, हे बघा," ही मला म्हणाली. "हातमोजे. 'ग्लोव्हज मध्यम', 'हातमोजे नं. ७', 'तपासणी मोजे पांढरे', 'ओपीडीचे मोजे', 'नेहमीचेच मोजे'. नेहमीचेच! कोणाचे नेहमीचे? तेवीस नावं आहेत तेवीस. नऊ पुरवठादार. आणि भाव बघाल तर एकाचा दुसऱ्याच्या पाचपट."

"मग तेवीस प्रकारचे मोजे असतील," मी म्हणालो.

"मी सतरा वर्षं हात घातलाय त्यात. पाच-सहाच्या वर प्रकार नाहीत. पण कुठलं नाव म्हणजे कुठला मोजा, हे कागद वाचून कसं कळणार?"

आई इतका वेळ गप्प होती, हेच नवल होतं. ती म्हणाली, "सूनबाई, गिऱ्हाईक दुकानात यायचं आणि म्हणायचं, डाळिंबी रंगाचं अस्तर द्या. दिलं की म्हणायचं, हा नव्हे. डाळिंबी म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच रंग. मी काय करायचे? म्हणायचे, बाई गं, रंग तोंडानं सांगू नकोस, कापडाचा तुकडा घेऊन ये. तुकडा आला की अर्ध्या मिनिटात काम. नावात काय बघतेस? तुकडा मागव."

ही आईकडे बघतच राहिली. मग उठून तिनं आईच्या कपात आणखी चहा ओतला. आमच्या घरात हा फार मोठा सन्मान आहे, कारण डॉक्टरांनी आईला दिवसाला दोनच कप सांगितलेत आणि हिशेब हीच ठेवते.

दुसऱ्या दिवसापासून हिनं तुकडे मागवायला सुरुवात केली. प्रत्येक वॉर्डातून, ऑपरेशन थिएटरमधून, प्रयोगशाळेतून, अगदी लाँड्रीतूनसुद्धा. वापरात असलेल्या प्रत्येक वस्तूचा एकेक नग, आणि तिथले लोक तिला काय म्हणतात ते लिहिलेली चिठ्ठी. लोकांनी आधी नाकं मुरडली. पण मागायला ही स्वतः जायची. खरेदी विभागात बसल्यापासून सगळे हिला 'मॅडम' म्हणायला लागले होते. वॉर्डात पाऊल टाकल्याबरोबर जुन्या मुली "सिस्टर, सिस्टर" करत धावत यायच्या आणि ड्रॉवर उघडून द्यायच्या. मी मुद्दाम कुठल्या ना कुठल्या वॉर्डात पंखा बघायला जायचो. हिचं चालणं बदललं होतं. पाठ तीच, पण ताठ.

एवढ्या वस्तू मांडायला मोठी जागा एकच होती, फिजिओथेरपीचा हॉल. तिथल्या बाईंनी दुपारी बारा ते दोन या वेळात हॉल दिला. व्यायामाच्या पलंगांवर चादरी अंथरून हिनं सगळा माल मांडला. एका पलंगावर पट्ट्या, एकावर कापूस आणि गॉझ, एकावर नळ्या, सर्वांत मोठ्या पलंगावर हातमोजे. मी वर चार जास्तीचे दिवे लावून दिले, कारण पांढऱ्यातला पांढरा ओळखायचा म्हणजे उजेड हवा.

आणि मग ही हातानं ओळखत गेली. बोटांत धरायची, ताणायची, अंगठ्यानं चोळायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. 'सहा इंची पट्टी', 'बँडेज रोल पंधरा', 'रुंद पट्टी (मोठ्या सिस्टर सांगतात ती)' या तिन्ही एकाच गठ्ठ्यात गेल्या. तेवीस हातमोज्यांचे सहा गठ्ठे झाले. एका गठ्ठ्यात तर एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे मोजे होते. तीन दुकानदार ते तीन वेगळ्या नावांनी आणि तीन भावांना आम्हाला विकत होते, आणि आम्ही निमूट घेत होतो. दहा दिवसांत दोन हजार तीनशे नावांच्या नऊशे वस्तू झाल्या.

प्रशासक बाई एकदा दुपारी डोकावल्या. पलंगांमधून शांतपणे फिरल्या. एका चिठ्ठीपाशी थांबून त्यांनी वाचलं, "'नेहमीचेच मोजे'." मग हिला म्हणाल्या, "बाहेरच्या सल्लागारांकडून मी दर मागवले होते. त्यांनी आठ महिने सांगितले."

"त्यांच्या हाताला सवय नसेल," ही म्हणाली.

बाई पहिल्यांदाच हसल्या.

पण खरी अडचण पुढंच होती. सर्वांत महाग हातमोजा होता ऑपरेशन थिएटरचा, आणि त्यावर खर्चही सर्वांत जास्त व्हायचा. त्याच्याऐवजी अर्ध्या किमतीचा मोजा चालेल, असं पुरवठादार सांगत होते. ही गोष्ट मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेली. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने सर्जन. त्यांच्यासमोर दिवेसुद्धा नीट लागतात असं मी म्हणतो. ते थेट हॉलमध्येच आले, पाठोपाठ त्यांची दोन-तीन माणसं.

"माझ्या थिएटरमध्ये काय वापरायचं ते टाचण्या मारणारे ठरवणार का?" ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी मी शिडीवर असूनही दोन पायऱ्या खाली उतरलो.

हिनं शांतपणे सहा वेगवेगळे मोजे ट्रेमध्ये ठेवले, सगळे त्यांच्याच मापाचे, वेष्टनं काढलेले. "सर, डोळे मिटून घालून बघा. तुमचा मोजा ओळखलात तर त्याला कोणी हात लावणार नाही."

डॉक्टरांनी हिच्याकडे रोखून पाहिलं. मग खरोखरच डोळे मिटले. पहिला घातला, बोटं वळवली, काढला. दुसरा काढला. चौथ्याला म्हणाले, "हा." तोच होता. हिनं क्रम बदलला. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर. मला वाटलं, संपलं; महिन्याभराची मेहनत आता सगळ्यांसमोर धुळीला मिळणार.

आणि ही म्हणाली, "सर, तुमचं बरोबर आहे. ऑपरेशनला हाच मोजा राहील. मी तसं आजच लिहून ठेवते."

डॉक्टर जरा गोंधळलेच. भांडायला आलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की होतं तसं.

"आता एक मला दाखवू द्या," ही म्हणाली आणि पलंगाखालून दोन पोती ओढायला मला सांगितलं. स्वतः ओढली नाहीत, तेवढी काळजी ही घेते. त्या पोत्यांत काय होतं ते मला माहीत होतं, कारण आठ दिवस आमच्या घरात त्याच्यावरूनच बोलणं चाललं होतं. हिनं सफाईच्या बायकांना सांगून प्रत्येक विभागातून या महागड्या मोज्यांची फाडून टाकलेली वेष्टनं वेगळी काढून घेतली होती. वेष्टनावर विभागाचं नाव लिहून.

"आठ दिवसांत चारशे बारा वेष्टनं मिळाली," ही म्हणाली. "त्यातली थिएटरमधली दीडशे. बाकीची दोनशे बासष्ट कुठली? ओपीडी, प्रयोगशाळा, लाँड्री. जेवणाचे ट्रे उचलायलासुद्धा हाच मोजा वापरला गेलाय, सर. निर्जंतुक केलेला, पाचपट महाग."

"का?" डॉक्टरांनी विचारलं. आता आवाज वेगळा होता.

"कारण साधे मोजे दर महिन्याच्या वीस तारखेला संपतात. त्यांची ऑर्डर सोळा वर्षांपूर्वी ठरलेली आहे, तेव्हा आपल्याकडे निम्मे पेशंट होते. संपले की वॉर्ड काय करणार? स्टोअरमध्ये जे मिळेल ते फाडतात. मीसुद्धा फाडलेत. तेव्हा पैसे वाचवायचे तर साधे मोजे जवळजवळ दुप्पट घ्यावे लागतील."

"पैसे वाचवायला जास्त खरेदी?"

"हो, सर."

डॉक्टरांनी एक वेष्टन उचलून त्यावरचं 'लाँड्री' वाचलं. मग त्यांनी मोज्यांच्या पलंगावरच्या एका चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मला मान्य आहे', आणि खाली सही केली. जाता जाता वळून म्हणाले, "सिस्टर, टाचण्यांचं मी जे बोललो ते मागं घेतो."

सगळंच काही असं जमून आलं नाही, तेही सांगायला हवं. चिकटपट्टीत हिचा अंदाज चुकला. स्वस्तातली एक पट्टी हिनं चाचणीला लहान मुलांच्या वॉर्डात दिली. चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरनी येऊन सांगितलं, काढताना मुलांची कातडी ओढली जाते. हिनं तीच पट्टी स्वतःच्या हाताला लावली, संध्याकाळपर्यंत ठेवली आणि घरी येऊन आमच्यासमोर ओढून काढली. लालभडक वळ उठला. "ही नको," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जुनी पट्टी परत सुरू केली. बचतीच्या यादीतली मोठी रक्कम त्यानं गेली. हिनं ती खोडली आणि बाजूला कारण लिहिलं.

मुदत संपायला पंधरा दिवस राहिले असताना उद्यासाहेब कामावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी ही त्यांच्या घरी गेली, मी सोबत होतो. साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली.

"अहवालात काय लिहिलंय ते कळलं मला," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं एकच मोजा तीन भावांना घेतला. लोक काय म्हणतील? खाल्ले म्हणतील."

"साहेब, मी तीन वर्षांची एकेक ओळ वाचलीय," ही म्हणाली. "खाल्लेलं असतं तर मला दिसलं असतं. तसं कुठंही नाही, आणि मी ते पहिल्या पानावर लिहिलंय."

साहेब खुर्चीतून उठले. मग आत गेले आणि एक पिवळट पडलेला कागद घेऊन आले. नऊ वर्षांपूर्वीचं पत्र होतं, त्यांनीच तेव्हाच्या प्रशासकांना लिहिलेलं. सगळ्या विभागांची एकच वस्तूंची यादी करावी, वर्षाची खरेदी एकदम करावी, असं सुचवलेलं. खाली त्यांची नेटकी सही.

"उत्तर आलं नाही," ते म्हणाले. "दोनदा आठवण केली. मग मलाच सवय लागली, उद्या बघू म्हणायची."

हिनं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. "हे मला द्या," ही म्हणाली. "आणि उद्या कामावर या. खरोखरच्या उद्या."

साहेबांना हसू आवरलं नाही, आणि मग त्यांनी डोळे पुसले. दोन्ही एकदमच झालं.

उरलेले दिवस ते दोघं मिळून पुरवठादारांशी बोलले. आता पत्र नव्हतं. समोर आकडा होता. वर्षाला एवढे मोजे, एवढ्या पट्ट्या, सगळ्या एकाच जागेहून घेऊ, भाव सांगा. कुठल्या पुरवठादाराला किती ताणायचं आणि कोण वेळेवर माल देत नाही, हे साहेबांना तोंडपाठ होतं. कॅलेंडर पाठवणाऱ्यानं भाव सोळा टक्क्यांनी खाली आणले. हॉस्पिटलसमोरच्या औषधाच्या दुकानातून घाईघाईत चढ्या भावानं आणायच्या वस्तूही संपल्या, कारण त्या आता स्टोअरमध्येच असणार होत्या. त्या दुकानदारानं हिला रस्त्यात गाठून म्हटलं, "ताई, माझं गिऱ्हाईक तोडलंत." आणि वर म्हणाला, "पण तुमचा शिपाई महिन्यातून दहा वेळा धापा टाकत यायचा ना, त्याची दया यायची मला."

विश्वस्त मंडळाची बैठक सकाळी दहाला होती. मला आत असण्याचं कारण मिळालं, कारण प्रोजेक्टर अधूनमधून बंद पडायचा आणि तो फक्त माझंच ऐकायचा. मी भिंतीशी, बटणांच्या बोर्डाजवळ उभा राहिलो. लांब टेबलाभोवती नऊ विश्वस्त, एका टोकाला प्रशासक बाई, शेजारी उद्यासाहेब इस्त्रीच्या शर्टात. अहवाल प्रशासक बाईंनी वाचायचा असं ठरलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काम ज्यांनी केलं त्याच सांगतील," आणि खाली बसल्या.

ही उठली. हिनं हातातले कागद टेबलावर ठेवले आणि एक हातमोजा उचलला. तो बोटांत धरून ताणला.

वीस मिनिटं ही बोलली. मोठे शब्द नाहीत, अडखळणं नाही. कुठली वस्तू कुठं जाते, कोण वापरतं, का जास्त लागते. अपयशही सांगितलं, चिकटपट्टीचं. हातावरचा वळ आता फिका झाला होता, तरी दाखवला. शेवटी म्हणाली, "दहा टक्के मागितले होते. करार झालेत त्याप्रमाणे बारा होतात. एकाही पेशंटच्या वाटचं काही कमी केलेलं नाही."

मंडळाचे अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे इतकी वर्षं कोणीतरी आपल्याला फसवत होतं?"

"नाही. आपण एकमेकांना विचारत नव्हतो," ही म्हणाली. "आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांना उत्तर दिलं नव्हतं." हिनं ते पिवळट पत्र अध्यक्षांपुढं ठेवलं. "हे साहेबांनी नऊ वर्षांपूर्वी लिहिलंय. मी नवीन काही शोधलं नाही. त्यांचं राहिलेलं काम पूर्ण केलं."

पत्र हातोहात नऊ जणांकडे फिरलं. उद्यासाहेब टेबलाकडे बघत बसले होते. कान लाल झालेले मला लांबून दिसत होते. अध्यक्ष जागेवरून उठले, त्यांच्यापाशी गेले आणि त्यांचा हात हातात घेतला. काय बोलले ते ऐकू आलं नाही.

'जीव वाचत नाही' म्हणणारे विश्वस्त तिथंच होते. त्यांनी हिला विचारलं, "सिस्टर, तुम्ही वॉर्ड का सोडलात?"

"पाठ गेली होती, साहेब. फिजिओथेरपीनं मला परत उभं केलं," ही म्हणाली. "आता उभीच आहे तुमच्यासमोर."

विभाग सुरू राहणार असा ठराव दोन मिनिटांत झाला, आणि त्या विश्वस्तांनीच तो मांडला. प्रोजेक्टर पूर्ण वेळ चालू होता. त्याकडे माझं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी घरी आलो तर आईला आधीच कळलेलं. कुठून, ते विचारायचं नसतं. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती, तीन बायका जमवून. "माझ्या सुनेनं हॉस्पिटल वाचवलं," असं सांगत होती. हिनं तिथल्या तिथं दुरुस्ती केली, "आई, हॉस्पिटल नाही, एक विभाग." आईनं मान डोलावली आणि बायकांना म्हणाली, "बघा, गर्व मुळीच नाही."

अस्तराच्या तुकड्याचं श्रेय अहवालात लिहिता आलं नाही, म्हणून हिनं ते घरात जाहीर दिलं. त्या रविवारी आईला तिसरा कप मिळाला, आणि तिनं तो गॅलरीत बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा प्यायला.

हिला आता खरेदी विभागात वेगळी खुर्ची आहे, दारावर पाटी आहे. आपल्या अटीवरच तिनं ती घेतली. विभागातल्या प्रत्येकानं महिन्यातला एक दिवस वॉर्डात काढायचा, उद्यासाहेबांनीसुद्धा. ते जातात. परवा मी त्यांना मुलांच्या वॉर्डात पाहिलं, एका छोट्या मुलीच्या हाताला पट्टी लावताना सिस्टरला विचारत होते, "दुखत नाही ना हिला? ओढून बघा, ओढून बघा."

आणि काल सकाळी माझ्या वर्कशॉपच्या दारावर टकटक झाली. दारात ही उभी, हातात यादी, पेन कानावर, चेहरा अगदी ऑफिसचा.

"विद्युत विभाग," ही म्हणाली. "तुमच्या ऑर्डरींत बल्बची एकोणतीस नावं सापडलीत. 'जिन्यातला', 'लांबडा', 'तो पिवळा'. 'तो पिवळा' म्हणजे कुठला हो?"

तो पिवळा मीच लिहिला होता. सात वर्षांपूर्वी.

"अगं, ते आम्हाला कळतं..." मी सुरुवात केली.

"तुकडा दाखवा," ही म्हणाली.

मी मुकाट्यानं किल्ली काढली, कपाट उघडलं आणि सगळे बल्ब एकेक करून टेबलावर मांडायला लागलो. माझ्या दोन्ही मदतनिसांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मी त्यांना म्हणालो, "हसताय काय? नीट बघून घ्या. सगळ्या हॉस्पिटलमध्ये हे काम असं एकीलाच येतं, आणि ती माझी बायको आहे."